काकांसकट गाडी

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर, गणपतीच्या आधीच्या रविवारी, मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या काकांची गाडी उचलण्याचा शेवटचा प्रयत्न झाला. गाडी उचलणं नवीन नव्हतं. तिची जागा इतकी अरुंद, की आधी तोंड आत घालायचं, मग आम्ही चौघा शेजाऱ्यांनी मागचा बंपर धरून तिला भिंतीकडे सरकवायचं. अशी गाडी लावणारा दुसरा माणूस खाडीपर्यंत सापडला नसता. काका त्या वेळी मागच्या सीटवर बसून काचेतून हुकूम सोडत. उतरा म्हटलं की म्हणत, "रिकामी काय, हातगाडीपण उचलतात. माणसासकट उचलता आली तर ती गाडी."

गाडी आठशे सीसीची, पांढरी, ऐंशीच्या दशकातली. तिचं वजन वाढू नये म्हणून काकांनी ॲशट्रे आणि मॅट काढून घरात ठेवले होते. टाकी कधी पूर्ण भरली नाही. भाईंदरच्या बाजारातून काका गाडीने येत. बटाटे रिक्षाने येत, आणि बटाट्यांवर लक्ष ठेवायला काकू. "लग्नात माझं वजन विचारलं नाही, एवढंच नशीब," काकू म्हणत.

नव्या गाड्या आल्या तसे काका शोरूममध्ये जाऊ लागले. सेल्समन ॲव्हरेज सांगे, काका वजन विचारत. "काच खाली करायला मोटर? मग उद्या भाकरी मोडायलापण लावा." पॉवर स्टिअरिंगबद्दल त्यांचं मत होतं, की रस्ता हाताला कळत नसेल तर आपण गाडीत बसलोय, चालवतोय दुसराच कोणी.

मग त्यांच्या मुलानेच तसली गाडी बुक केली. सोसायटीत जागा एकच. अट काकांनीच घातली: चौघांनी नेहमीसारखी उचलली तर जुनी राहील, नाहीतर एक्स्चेंजमध्ये जाईल.

रविवारी कंपाउंडच्या मधोमध गाडी उभी केली. काका मागे बसले. आम्ही जोर लावला. बंपर जागचा हलला नाही.

"गाडी नही बढी काका, आप बढे हो," दुसऱ्या मजल्यावरचे गुजराती शेजारी कमरेचा पट्टा सावरत म्हणाले.

"और आपका जोर किधर गया, शेठ? ढोकळ्यात?"

पुन्हा जोर लावला. काही नाही. मुलगा पुढे आला आणि त्याने बंपरला हात घातला. काकांनी आतून काच वाजवली. "तू नाही. चौघंच."

थोड्या वेळाने काका न सांगता खाली उतरले. गाडी लगेच उचलली गेली.

"झालं की, पप्पा," मुलगा म्हणाला. "राहू दे जुनी. नवी मी बाहेर रस्त्यावर लावेन."

"रिकामी उचललीये," काका म्हणाले, आणि त्यांनी चावी त्याच्या हातात दिली.

सोमवारी एक्स्चेंजवाला आला. गेट अरुंद होतं आणि गाडी रिव्हर्समध्ये काढायची होती. काकांनी मागे उभं राहून ती काढून दिली. "आने दो... आने दो... अजून... बस."