अकरा नंबरच्या खोलीत राहतं कोण?

माणसाला स्वतःच्या घरात किती जण राहतात एवढं सांगता येऊ नये? तुम्ही हसाल. गुणाजी घडशीही त्या सकाळपर्यंत हसलाच असता. एकसष्ट वर्षांचा माणूस, डोंबिवलीच्या केमिकल कंपनीत तीस वर्षं घालवलेला, शहाडच्या या चाळीत सगळ्यांच्या अर्जांवर पत्ते लिहून देणारा. आणि तोच स्वतःच्या दारात आ वासून उभा होता.

समोर रसिका मॅडम. शाळेतल्या बाई, पण सध्या गळ्यात ओळखपत्र अडकवून घराघरांतून माणसं मोजत फिरत होत्या. दारावर खडूने अकरा आकडा काढून झाला होता.

"काका, घरात राहणारे किती?"

"पाच," गुणाजीने ठोकून दिलं. देवाच्या फोटोमागचं रेशनकार्ड काढून पुढे धरलं. "हे बघा. मी, मंडळी मालन, मुलगा सूरज, सूनबाई योगिनी आणि नात."

मॅडमनी आत डोकावलं. एक खाट, एक खुर्ची, दोरीवर एकच लेंगा वाळत होता. "बरं, आधी बाकीचं घेऊ. पिण्याचं पाणी घरात की बाहेर?"

"नळ घरात आहे. पाणी बाहेर आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे नळ नगरपालिका होती तेव्हाचा आहे हो, हा बघा. त्याला पाणी येत नाही. पाणी येतं कोपऱ्यावरच्या नळाला, पहाटे पाच ते सहा."

मॅडमनी मोबाईलवर बोट तसंच धरून ठेवलं. घरात लिहावं तर पाणी नाही, बाहेर लिहावं तर नळ दिसतोय. इंटरनेट? ते शेजारच्या बारा नंबरचं, पण खाटेच्या या टोकाला बसलं की येतं. जवळ दवाखाना? आहे, पण डॉक्टर मंगळवारीच. पावसात पाणी भरतं का? नदी फुगली की भरतं, पण ते घरात धरायचं की रस्त्यावर, गुणाजीने मनापासून विचारलं. या वस्तीत कशाचंच सरळ उत्तर नाही, त्याला त्या बिचाऱ्या काय करणार!

"आता माणसांचं," मॅडम म्हणाल्या. "मुलगा इथे राहतो?"

"तो डोंबिवलीला. टॉवरमध्ये, बाविसावा मजला. खाली पोहण्याचा तलाव आहे."

"मग त्याचं कुटुंब तिथे मोजलं जाईल."

तेव्हा कुठे गुणाजीला आठवलं. रविवारी फोनवर सूरज म्हणाला होता, "बाबा, आमचं मोबाईलवर भरून झालं, तिघंच तर आहोत." त्या वेळी यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता मात्र तो आकडा टोचला. तिघं! अरे, पण रेशनकार्ड तर एकच आहे ना अजून?

"आणि काकू?"

मालनचं असं झालं होतं की ती गेली होती पंधरा दिवसांसाठी. कोकणात संगमेश्वरकडे, गावच्या घराची कौलं नीट करून घ्यायला. गुणाजी निवृत्त झाल्यावर दोघांनी तिकडेच राहायचं ठरलं होतं. पण त्याच महिन्यात चाळ पाडून इमारत होणार अशी आवई उठली, आणि कोणीतरी सांगितलं की बंद खोलीला यादीत जागा नाही. म्हणून गुणाजी खोली राखत थांबला. त्याला दोन वर्षं झाली. इमारतीची वीटही आली नाही. मालनने तिकडे परसात वांगी लावली, कोंबड्या पाळल्या, आणि 'कधी येताय' हे विचारणंही हळूहळू सोडून दिलं.

"मग तुम्ही एकटे," मॅडम हळूच म्हणाल्या.

"एकटा कसा?" गुणाजी चिडलाच. "पाच नावं आहेत!"

एवढ्यात बारा नंबरच्या मीराबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. मूळच्या सांगोल्याकडच्या, आवाज चाळभर जाणारा. "अहो मॅडम, त्यांचं काय विचारताय? ते भाजी आणायला गेले होते तवा म्या मघाशीच त्यांना माझ्यात लिहून दिलंय की. आम्ही चौघं आणि भावजी पाचवं."

रसिका मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो ताई, तेव्हा मला वाटलं, तुमचे दीर घरातच राहतात!"

"मग कुठं राहत्यात? दोन्ही टायमाला जेवत्यात माझ्यात. त्यांची शेगडी सहा महिन्यांत पेटली न्हाई. माझं पाणी ते भरत्यात, भाजी ते आणत्यात. एका चुलीवर जेवणारं ते एक कुटुंब, असं तुम्हीच म्हणालात न्हवं?"

मॅडम तसंच म्हणाल्या होत्या. नियमच तसा होता. गुणाजीचं डोकं पार भंजाळलं. कोकणातला घडशी सांगोल्याच्या घरात कधी शिरला, ते त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. बरं, खोटं म्हणावं तर सकाळच्या भाकरीचा ढेकर अजून येत होता.

"थांबा, मंडळींना विचारतो," तो म्हणाला आणि मालनला फोन लावून स्पीकर चालू केला. "अगं, इथे गणतीच्या मॅडम आल्यात. तुझं नाव इथे लावू ना?"

"माझं कशाला?" मागे कोंबड्यांचा कलकलाट. "परवाच मास्तर येऊन गेले इथे. मी दोघं सांगितलं."

"दोघं कोण?"

"मी आणि तुम्ही. आणखी कोण? विचारता काय असं!"

गुणाजीने फोन ठेवला. काल झोपताना याच खाटेवर तो म्हणत होता की आपल्याला कोणी विचारत नाही. आणि आज पाहावं तर तीन-तीन घरांत त्याचं नाव! फक्त ज्या पोराला खांद्यावर बसवून याच गल्लीतून शाळेत नेलं, त्याच्या घरात तेवढं नव्हतं.

"काका," मॅडम म्हणाल्या, "एक माणूस तीनदा नाही मोजता येत. तुम्हीच सांगा, तुम्ही राहता कुठे?"

"इथे नाही म्हटलं तर खोली जाईल."

"खोलीचा आणि या गणतीचा काहीएक संबंध नाही. चाळीची यादी वेगळी असते."

"त्या यादीत तुमचं नाव गेल्या साली चढलंय," मीराबाई म्हणाल्या. "भिंतीवर चिकटवली होती की! बंद खोल्याबी हैत त्यात. आमच्या ह्यांनी वाचून दाखवली तेव्हा तुम्ही रेशनला गेला होता, आणि यायच्या आत पावसानं धुवून नेली."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

मीराबाईंनी नजर दुसरीकडे वळवली. "सांगितलं असतं तर तुम्ही गेला असता."

गुणाजी खाली बसला. "मग मी दोन वर्षं बसलोय कशाला?"

"ते मला कसं माहीत असणार, काका?" मॅडम म्हणाल्या. त्यांना अजून चाळीस घरं करायची होती.

शेवटी त्याने सांगितलं, "एक लिहा. अकरा नंबरमध्ये एक." मीराबाईंच्या घरातून त्याचं नाव उडालं, तशा त्या आत गेल्या आणि भांडी जरा जास्तच आपटायला लागल्या. मॅडम तेरा नंबरकडे वळल्या. गुणाजीने शेगडीवरची धूळ पुसली, चहाचं आधण ठेवलं, आणि डब्यात साखर नाही हे पाहून बंद केलं. मग पुन्हा फोन लावला.

"अगं, तिथल्या मास्तरांना माझं नाव काढायला सांग. मी इथे लिहून दिलंय. दोनदा चालत नाही."

मालनने आधी कोंबड्यांना हाकललं. मग म्हणाली, "मी नाही सांगणार."

"अगं, नियम आहे तो."

"असू दे. दोन वर्षं रोज दोघांचा भात टाकते मी. तुमचा कोंबड्यांना घालते. तुम्हाला नाव काढायचं असेल तर तुम्ही इथे या, आणि माझ्यासमोर काढा."

फोन कट झाला. गुणाजी हातातल्या रेशनकार्डाकडे बघत राहिला. ती पाचही नावं त्याने पुन्हा एकदा वाचली. मग खाटेखालची पिशवी ओढली, दोरीवरचा लेंगा तसाच ओलसर आत कोंबला, कुलूप लावलं आणि बारा नंबरच्या दारात जाऊन किल्ली पुढे केली.

मीराबाईंनी ती लगेच घेतली नाही. "किती दिवस?"

"काही कळत नाही बघा, वहिनी."

"आणि त्या मॅडम परत आल्या तर? त्यांना काय सांगू, भावजी कुठं राहत्यात म्हणून?"

गुणाजीने खडूच्या त्या अकराकडे एकदा पाहिलं. "सांगा, बायकोकडे गेलाय."