दोन गाण्यांमधली जागा

माझा धाकटा भाऊ हेवी मेटल गातो. गातो असं मी बहीण म्हणून म्हणते. नवख्या माणसाला तो कुणावर तरी भयंकर चिडलाय असंच वाटतं. विशीत असताना त्याचे केस कमरेपर्यंत होते. आई विचारायची, "वेणी घालू काय रे?" आता पन्नाशी उलटली, ब्लडप्रेशरची गोळी घेतल्याशिवाय स्वारी स्टेजवर चढत नाही, पण काळा बनियन आणि मनगटावरचे चामड्याचे पट्टे काही सुटलेले नाहीत. चाळीस वर्षं आमच्या घरात जे कुणी बोललं नव्हतं, ते त्याच्या लाइव्ह अल्बममुळे बोललं गेलं.

अल्बमचं रेकॉर्डिंग होतं परळच्या एका मिलच्या आवारात. मिल कधीच बंद पडली, यंत्रं भंगारात गेली. एक शेड तेवढी ठेवली आहे. भिंतीचा गिलावा खरवडून विटा दिसतील अशा केल्यात आणि आत हॉल काढलाय. ती शेड म्हणजे बाबांचं साचेखातं. साचे म्हणजे माग. ऐन उमेदीची सगळी वर्षं त्यांनी तिथे उभं राहून काढली.

शेकडो साचे एकदम चालू असले की कानाशी ओरडलेलं ऐकू येत नाही. म्हणून साचेखात्यातली माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायची आणि समोरच्याचे ओठ वाचायची. पुढे बाबांचे कान गेले, ओठ वाचणं राहिलं. लालबागच्या आमच्या खोलीत आम्ही आजही त्यांच्याशी तसंच बोलतो. आवाजाचं काम नाही, तोंड नीट उघडायचं. बाबा स्वतः मालवणीत बोलतात ते मात्र अख्ख्या मजल्याला ऐकू जातं.

गिरण्यांचा संप झाला तेव्हा मी अकरा वर्षांची होते, भाऊ आठ. सात-आठ महिने बाबा मिलच्या बाहेर राहिले. मग भावाला टायफॉइड झाला. हॉस्पिटलात खाट मिळाली, पण इंजेक्शनं बाहेरून आणायला सांगितली. घरात विकण्यासारखं काही उरलं नव्हतं. एका सकाळी बाबा पोलिसांच्या गाडीमागून जाणाऱ्या बसमध्ये बसले आणि संप मोडून गेटच्या आत गेले.

"आत गेला" या दोन शब्दांना त्या वेळी काय वजन होतं ते आज सांगून कळणार नाही. नळावर आईची बादली दिसली की बायका आपापल्या बादल्या बाजूला ओढायच्या. चाळीच्या गणपतीची आरती झाली की तबक प्रत्येक दारात फिरायचं, ते आमचं दार सोडून पुढे जायचं. शेजारच्या खोलीतले काका, बाबांचे साच्यावरचे जोडीदार, शेवटपर्यंत आत गेले नाहीत. त्यांनी बाबांशी बोलणं टाकलं, शिव्या मात्र कधी दिल्या नाहीत. बायकोमुलांना त्यांनी गावी पाठवलं, स्वतः मिळेल ते काम करत राहिले आणि तीन वर्षांत खंगून गेले. काही वर्षांनी मिलनेच टाळं लावलं, तेव्हा बाबाही रस्त्यावर आले.

भाऊ बरा होऊन घरी आला तो फितुराचा पोरगा होऊनच. पोरांनी त्याला जिन्याखाली गाठून मारलं, एकदा नाही, अनेकदा. त्याचं बाबांशी कायमचं बिनसलं ते तिथे. बाबा आत गेले हे त्याला ठाऊक होतं. कशापायी गेले हे नव्हतं. आईने मला शपथ घातली होती, "पोराच्या डोक्यावर ओझं नको." मी ती पाळली. आई गेल्यावरही पाळली. आता वाटतं, मूर्खपणा केला.

तर त्या रविवारी संध्याकाळी मी बाबांना टॅक्सीत घालून त्या शेडमध्ये नेलं. भावानेच आग्रह धरला होता. त्याला बाबांना काही द्यायचं होतं, एवढं मला दिसत होतं. गुडघ्यांमुळे आम्ही मागे खुर्च्यांवर बसलो. बाबा भिंतीकडे बघत होते. "हय माझो साचो," ते एका खांबाकडे बोट करून एवढ्या मोठ्याने म्हणाले की पुढची चार पोरं वळली. मग ड्रम सुरू झाले. बाबांनी चपला काढल्या, पाय फरशीवर टेकवले आणि चक्क हसले. "हालता! साच्यासारखी जमीन हालता!" मला त्या संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण त्या क्षणी भावाचा फार अभिमान वाटला.

पाचव्या-सहाव्या गाण्यानंतर तो थांबला. गाताना माईक त्याच्या तोंडाला चिकटलेला असतो, ओठ दिसत नाहीत. बोलायला लागल्यावर त्याने माईक हनुवटीखाली घेतला. स्टेजच्या दोन्ही बाजूंना पडदे होते आणि त्यांवर त्याचा चेहरा खोलीएवढा मोठा दिसत होता.

तो मराठीत बोलला. "ह्याच शेडमध्ये माझा बाप साचे चालवायचा. संप झाला. माणसं फुटली, बसमध्ये बसून आत गेली. माझा बाप गेला नाही. उपाशी राहिला, पण आत गेला नाही! तो आज इथे बसलाय!"

सगळी शेड ओरडली. टाळ्या, शिट्ट्या. आणि मीही टाळ्या वाजवल्या. मला ते लपवायचं नाही. इतक्या वर्षांनी कुणीतरी आमच्या घरासाठी टाळ्या वाजवत होतं आणि माझे हात आपोआप उठले. मग मी बाबांकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघत होते. त्यांनी नजर खाली आणली आणि माझ्या हातांवर ठेवली.

भाऊ त्याच घरात वाढला, तरी बाबा पडद्यावर त्याचे ओठ वाचतील हे त्याच्या लक्षात आलं नाही. बाप बहिरा, काही ऐकू येणार नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा समोर ठेवला तेव्हा बाबा म्हणाले, "मी आत गेल्लंय. शेजारचो बाहेर रवलो. तेच्या वाटच्या टाळ्या माका कित्याक?" दार उघडं होतं. गॅलरीत बायका कपडे वाळत घालत होत्या, त्या हातातलं काम टाकून उभ्या राहिल्या. मी ओठांनी म्हटलं, हळू. ते आणखी मोठ्याने म्हणाले, "तेका सांग, ता काढ. आणि सांगूचा तर खरा सांग. मी आत गेल्लंय, असा सांग."

हे मागणं होतं एका ब्याऐंशी वर्षांच्या माणसाचं. त्याला माफी नको होती. जिथे सगळ्यांसमोर खोटं सांगितलं, तिथेच सगळ्यांसमोर खरं सांगितलेलं हवं होतं.

दादरच्या एका स्टुडिओत भाऊ रेकॉर्डिंगची जुळवाजुळव करत बसला होता. मी तिथे जाऊन थडकले. बाबांनी ओठ वाचले हे ऐकून त्याचा चेहरा पडला, पण लगेच म्हणाला, "ताई, अल्बममधली तीच सगळ्यात भारी जागा आहे. ऐक." त्याने टाळ्या लावून दाखवल्या. "मार मी खाल्लाय. त्या जिन्याखाली तू नव्हतीस. एवढं खोटं बोलायचा मला हक्क आहे."

मला संताप आला. संतापातच मी आईची शपथ मोडली. टायफॉइड, इंजेक्शनं, बस, सगळं सांगितलं. सांगितलं कसलं, तोंडावर फेकलं. रेकॉर्डिंग करणारा मुलगा आमच्याकडे पाठ करून बसून राहिला.

"माझ्यापायी?" भाऊ म्हणाला.

"तुझ्यापायी."

"आणि मी त्यांना आयुष्यभर..." मग तो त्या मुलाला म्हणाला, "हे काढ. सगळं काढ. गाण्याला गाणं जोडून टाक."

"आणि खरं?" मी विचारलं. "तू रेकॉर्ड कर ना इथेच, चार वाक्यं."

"नाही जमणार गं मला," तो म्हणाला. "कुठल्या तोंडाने?"

मला तेव्हाही त्याचा राग आला होता आणि आजही पूर्ण गेलेला नाही. कुठल्याही तोंडाने. बाबांना तोंडच वाचता येतं.

दोन महिन्यांनी अल्बम निघाला. भाऊ स्वतः आला नाही, त्याने एका पोराच्या हाती पेनड्राइव्ह आणि मोठा स्पीकर पाठवला. मी तो टेबलावर ठेवला आणि बाबांना खुर्ची ओढून दिली. त्यांनी उजवा तळवा स्पीकरच्या जाळीवर ठेवला. गाणं चालू असलं की जाळी थरथरते, नुसतं बोलणं असलं की तळव्याला काही लागत नाही. ते बोटांवर गाणी मोजत होते. ती जागा कुठे येते ते त्यांच्या नीट लक्षात होतं.

पाचवं गाणं झालं, सहावं झालं. बाबांनी डोळे मिटले. जाळी थांबण्याची ते वाट बघत होते. जाळी थरथरतच राहिली, सातवं गाणं सहाव्याच्या पाठीला लागून सुरू झालं.

"तो थांबलो नाय," बाबा म्हणाले.

मी मान हलवली.

"खोटा काढल्यान?"

हो, मी ओठांनी म्हटलं.

"आणि खरा?"

त्यांनी माझ्या ओठांकडे बराच वेळ पाहिलं, काही हलतंय का ते.

"म्हणजे मी तेच्यात खंयच नाय," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते इतकं हळू बोलले की बाहेर गॅलरीत कुणाला ऐकू गेलं नाही. मग त्यांनी दुसराही तळवा स्पीकरवर ठेवला आणि लेकाचा अल्बम शेवटपर्यंत ऐकला.