वाऱ्याच्या उलट राब

राब मी चुकीच्या बाजूनं पेटवला. तोही सासऱ्यांचा.

सासुरवाडी चंदेरीच्या डोंगराच्या पायथ्याशी. तिथं उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी जमिनीचा एक तुकडा भाजतात. शेण, पालापाचोळा, गवत पसरायचं, वर माती भुरभुरायची आणि आग लावायची, तोच राब. आग वाऱ्याच्या उलट, मुंगीच्या चालीनं सरकली पाहिजे. तरच खालची माती भाजते, तणाचं बी मरतं. नाहीतर पावसात रोपांऐवजी तण वर येतं, आणि घरचा वर्षाचा तांदूळ त्या रोपांवरच.

त्या सकाळी सासरे नात्यातल्या लग्नाचा मांडव घालायला निघाले. जाताना एवढंच म्हणाले, वारं बघून पेटवा.

मी अंबरनाथ पश्चिमेला चौथ्या मजल्यावर राहणारा माणूस. वारं मोबाइलवर बघितलं. तो म्हणाला, पूर्वेचं. म्हणून डोंगराच्या बाजूनं, पश्चिमेकडून काडी लावली, आणि आग अशी सुसाट सुटली की दहा मिनिटांत सगळा तुकडा काळा. मला वाटलं, काय हात आहे आपला! सासूबाईंकडून चहासुद्धा मागवला.

सासरे आले, राखेत काठी खुपसली. खालून निघाली कच्ची, थंड माती. कुठून पेटवला विचारलं, तेव्हा मी मोबाइल पुढं केला. त्यांनी तो बघितलाच नाही. शांतपणे सांगितलं, की सकाळचं वारं इथं डोंगरावरून खाली उतरतं, ऊन तापलं की फिरतं. हे गावातल्या म्हशींनाही ठाऊक असतं.

आता पुन्हा भाजायचं, तर शेण हवं. आमचं तर राख झालेलं. शेजारच्या म्हातारीचा उकिरडा मोठा. सासऱ्यांनी मलाच पाटी घेऊन पाठवलं आणि मागोमाग स्वतः येऊन सगळी हकिगत तिला सांगितली, मोबाइलसकट. मी मान खाली घालून पाटी भरत होतो. शेण कोपरापर्यंत.

म्हातारीनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"ने बाबा, लागंल तेवढं ने," ती म्हणाली. मग सासऱ्यांकडं वळली. "पोरीला नोकरीवाला बघितलास म्हनं. ह्याला नोकरीवर ठेवला तरी कोनी?"