टेलरकाकूंचा जबडा

टेलरकाकूंच्या तोंडात एका वेळी अकरा टाचण्या मावायच्या. फिटिंगला आलेल्या बाईभोवती गुडघ्यांवर फिरत त्या दातांतली एकेक टाचणी काढून कापडाला लावायच्या. दोरा तोडायचा तर कात्री हाताशी असली तरी दातच. तीस वर्षं जबड्यानं हे मुकाट सोसलं आणि मग एके दिवशी संपच पुकारला. कानापुढे कळ, जांभई दिली की कटकन आवाज, आणि सकाळी तोंड दोन बोटंसुद्धा उघडेना.

शहाणं माणूस डॉक्टरकडे गेलं असतं. काकूंनी दुखणं अंगावर काढलं. शाळेच्या गणवेशांचा ढीग पडला होता, वेळ कुणाला? त्या दातांवर दात ठेवून, ओठ जेमतेम हलवत बोलायला लागल्या. गिऱ्हाइकांचं त्यात काही अडलं नाही. अडलं ते काकांचं.

काका म्हणजे काकूंचे यजमान. दुकानाच्या मागच्या टेबलावर इस्त्री करायचे. लग्नानंतर दोन वर्षांत एका तापानं त्यांचे दोन्ही कान गेले. बाकीचं जग त्यांच्याशी पाटीवर लिहून बोले, पण काकूंचे ओठ मात्र ते वाचत. काकूंना काही सांगायचं असलं की त्या टाचण्या बशीत काढायच्या, टेबलावर दोनदा थाप मारायच्या, आणि त्यांनी मान वर केली की तोंडाचा पट्टा सुरू. काकाही काही ऐकून घेणारे नव्हते. कॉलर आधी की बाही आधी, यावरून दोघं तासभर भांडायचे, आणि मग एका कपातला चहा दोघांत प्यायचे.

हे भांडण गेले तीन महिने बंद होतं. काकू काही म्हणाल्या की काका हसून मान हलवायचे, “बरोबर आहे तुझं.” काकूंना वाटलं, चला, वयानं माणूस निवळला.

एका दुपारी काज करताना कळ थेट डोक्यात गेली. काकूंनी टेबलावर थाप मारली आणि दातांतूनच पुटपुटल्या, “इतकं दुखतंय ना, वाटतं मरून जावं.”

काकांनी हसून मान हलवली. “बरोबर आहे तुझं. तसंच करू.”

काकू आधी भडकल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. तीन महिने या माणसाला आपलं एक अक्षर कळलेलं नव्हतं. त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, ‘जबडा दुखतो. तोंड उघडत नाही.’ नवऱ्याशी पाटीवर बोलायची ही त्यांची पहिलीच वेळ. काकांनी ते दोनदा वाचलं, इस्त्री बंद केली आणि पायात चपला सरकवल्या.

डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण सांगायला खमक्या. टाचण्या बंद, दातांनी दोरा तोडणं बंद, हनुवटीला हात लावून बसणंही बंद. मऊ खा, घास लहान घ्या. दिवसातून दोनदा गरम ओला टॉवेल गालाला धरा. जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला टेकवा आणि ते न सोडता तोंड सावकाश उघडा, सहा वेळा; दुखलं की तिथंच थांबा. आणि मुख्य म्हणजे, ओठ मिटलेले असले तरी दात एकमेकांवर टेकू द्यायचे नाहीत.

“आरशात बघून करा,” असंही त्या म्हणाल्या होत्या. आरसा कशाला लागतोय? काका समोर स्टूल घेऊन बसायचे. इतकी वर्षं ते तोंड बघण्यातच गेलेली. जबडा केसभर सरकला तरी त्यांना दिसायचा. “डावीकडे गेला. पुन्हा.” टॉवेल तेच पिळून द्यायचे, आधी स्वतःच्या गालाला लावून बघून. मशीन चालवताना काकूंचे दात नकळत आवळले जायचे. काका डोळ्यात तेल घालून बसलेले. आपला आवाज किती मोठा येतो याचा त्यांना पत्ता नसे, त्यामुळे भर दुकानात गर्जना व्हायची, “दात!” गिऱ्हाईक दचकायचं. काकू लाजायच्या आणि जबडा सैल सोडायच्या.

काही दिवस पुन्हा दुखायचं, चिडचिड व्हायची. पण सहाव्या आठवड्यात तीन बोटं मावतील इतकं तोंड उघडलं. त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं. काकूंनी टेबलावर थाप मारली.

“कळत नव्हतं तर तीन महिने हो ला हो का करत होतात?”

काका हातातल्या शर्टाची घडी नीट करत राहिले. “सुरुवातीला दोनदा विचारलं होतं मी, काय म्हणालीस म्हणून. तू तोंड फिरवलंस.”

“कळ आली होती हो.”

“मला काय माहीत? वाटलं, कंटाळलीस. इतकी वर्षं माझ्यासाठी एकेक शब्द सावकाश बोलायचा, कुणाचाही जीव थकेल. म्हटलं, आता हिला सुट्टी द्यावी.”

हे मनात ठेवून हा माणूस तीन महिने हसत मान हलवत होता. त्या उठून त्यांच्या अगदी समोर उभ्या राहिल्या आणि दुखत होतं तरी तोंड पुरतं उघडून म्हणाल्या, “मला सुट्टी नको.”

काका त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. त्यांना कळलं होतं, हे काकूंना कळलं होतं.

“पुन्हा बोल,” काका म्हणाले.

काकू पुन्हा बोलल्या.