मागच्या सीटवरचं दही

जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यांवर जेवढे खड्डे आहेत, त्या प्रत्येकाला माझे चुलतसासरे वैयक्तिक ओळखतात. कोणता खड्डा जुना, कोणता दिसायला थोराड पण स्वभावाने गरीब, कोणता पाण्याखाली दबा धरून बसतो, हे सगळं ते आपल्या भावकीबद्दल सांगावं तशा जिव्हाळ्याने सांगतात. तीस वर्षं त्यांनी जव्हार ते दाभोसा अशी प्रवासी जीप चालवली. नऊ जणांच्या त्या जीपमध्ये एकोणीस माणसं, दोन बोकड आणि एखादी नवी नवरी असं सगळं मावायचं, आणि उतरताना कोणाची चप्पलसुद्धा हरवायची नाही, असं लोक अजून सांगतात. आता ती जीप त्यांच्या पाड्यावर मोहाच्या झाडाखाली उभी असते आणि तिच्यात कोंबड्या राहतात. एक कोंबडी फक्त ड्रायव्हरच्या सीटवरच अंडं घालते. काका तिला कधी उठवत नाहीत. "बसू दे. तिचा नंबर लागलाय," म्हणतात.

मी ठाण्याची, इंग्रजी शाळेत शिकलेली. अनोळखी माणसांत मला बोलता येत नाही आणि ओळखीच्या माणसांतही मी बेतानेच बोलते. लग्न होऊन जव्हारला आले तेव्हा सासरच्या बायकांनी माझ्या गप्प बसण्याचा अर्थ शिष्टपणा असा लावला होता. काकांनी मला एकदा नीट न्याहाळलं आणि सगळ्यांसमोर निकाल दिला, "चांगली गाडी कधी आवाज करतं का? उगा ठोकून बघू नका तिला." त्या दिवसापासून माझ्या बाजूने बोलायला घरात एक माणूस झाला. मी मात्र त्यांच्याकडे नुसती बघत राहायची, कारण बघण्यासारखं खूप होतं.

एक तर त्यांचा उजवा पाय. तो निवृत्त झालाच नाही. लग्नाच्या मांडवात, ग्रामपंचायतीच्या बाकावर, आमच्या घरी प्लास्टिकच्या खुर्चीवर, कुठेही बसले तरी समोरून कोणी वेगाने आलं की तो पाय ब्रेक दाबतो. एसटीत बसले की वळणावर तोंडाने हॉर्न देतात. एकदा खरोखरच बस थांबवून ड्रायव्हर मागे वळून म्हणाला होता, "बाबा, तुम्ही तरी वाजवा नाय तं मी तरी." अंतर ते किलोमीटरमध्ये मोजत नाहीत. मोखाडा म्हणजे एक डुलकी. नाशिक म्हणजे तीन ओकाऱ्या, पोट नाजूक असेल तर चार. आणि गाड्यांना ते कंपनीच्या नावाने ओळखत नाहीत, स्वभावाने ओळखतात. उंच, रुबाबदार गाडी दिसली की "ही तलाठी गाडी, वरून बघतं." चकचकीत, बुटकी दिसली की "ही पाहुणी. जेवील चांगला, काम करायची नाय." कुठल्याही गाडीत बसण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारतात आणि बोटाच्या पेराने दार ठोकतात, फणस पिकला का बघावा तसं, कान लावून.

मला सातवा महिना लागला तेव्हा या सगळ्या ज्ञानाला एकदम काम मिळालं. माझं ब्लडप्रेशर वाढू लागलं होतं. इथल्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की बाळंतपण नाशिकला करा, आणि दुखायला लागलं की वाट बघत बसू नका. नाशिक अडीच तासांवर, मध्ये घाट, आणि आमच्याकडे होती एक मोटारसायकल. माझा नवरा शाळेत शिक्षक आहे. त्याने त्याच संध्याकाळी मोबाइलवर गाड्या बघायला सुरुवात केली. त्याला लाल हवी होती. काकांना ही बातमी कळली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते कपड्यांची पिशवी आणि एक मातीचं मडकं घेऊन आमच्या दारात उभे राहिले. "मास्तर," ते नवऱ्याला म्हणाले, "गाडी तू घे, पण परीक्षा मी घेणार."

त्या मडक्यात दही होतं. परीक्षा अशी की दही मागच्या सीटवर ठेवायचं, गाडी चालवायची आणि परत आल्यावर बघायचं. दह्याला तडा गेला, पाणी सुटलं, तर गाडी नापास.

नाशिकच्या शोरूममध्ये टाय लावलेला एक मुलगा आम्हाला लाल गाडी दाखवत होता. काकांनी मडक्यावरचं फडकं काढलं तसं त्याला वाटलं, शुभकार्याला निघताना देतात तसं दही देतायत. त्याने अदबीने हात पुढे केला. "हात मागं घे," काका म्हणाले. "हा खायाचा नाय. हा तुझ्या गाडीत बसवायचा हाय." मुलगा शहाणा होता, हसला नाही. त्याने छताची काच सरकवून दाखवली. आभाळ दिसलं. काकांनी वर बघितलं. "आमच्या घराला पण हाय असा. फुकट." मग मुलाने गुळगुळीत हायवेवर गाडी काढली तशी काकांची चिडचिड सुरू झाली. "ह्या रस्त्यावर तं खाट पण चालंल रे! मला खड्डा दाखव." नाशिकमध्ये चांगला खड्डा शोधण्यात आमचा पाऊण तास गेला. सापडला तेव्हा टायवाल्याचा चेहराही उजळला. लाल गाडीत दही दुसऱ्याच आदळ्याला मोडलं. पुढच्या रविवारी दुसऱ्या शोरूमची पांढरी गाडी एका गतिरोधकावर बाद झाली. नवरा वैतागला. "काका, आपण दही नाही, माणसं न्यायची आहेत!"

"दही मोडला तं दुसरा लावता येतो, मास्तर," काका म्हणाले.

शेवटी गाडी मिळाली ती जव्हारमध्येच. एका निवृत्त शिक्षकांची जुनी, राखाडी, लांबट, डब्यासारखी. दार सरकून पूर्ण उघडणारं, मागे माणूस आडवा होईल एवढी सीट. नवऱ्याचं तोंड उतरलं. "शाळेची व्हॅन वाटते." काकांनी फेरी मारली, ठोकलं, ऐकलं, आणि त्यांचा आवाजच बदलला. "ही आत्या गाडी. नटणार नाय, पण घरात बाळंतीण असली तं सगळ्यात आधी येऊन बसेल." आम्ही मोखाड्याच्या अलीकडून परत फिरून जव्हारजवळच्या शिरपामाळावर आलो. फडकं काढलं. दही चंद्रासारखं अखंड होतं.

नवरा शिक्षकांना फोन करायला उतरून पुढे गेला. माळावर गवत पिवळं पडत होतं आणि वारा त्याच्यावरून हात फिरवत चालला होता. मी काही विचारलं नाही. म्हणूनच बहुतेक, काका आपणहून बोलले.

"हा मडका तुझ्या काकीचा." काकी मी लग्न होऊन येण्याआधीच गेल्या होत्या. "बाजाराच्या दिवशी दही घेऊन बसायची, मांडीवर. बाकीच्यांच्या जीपमध्ये मोडायचा. मंग मी हळू चालवायला शिकलो. मंग ती माझ्याच जीपनं यायला लागली. मंग एक दिवस उतरलीच नाय." ते हसले. मग स्टिअरिंगवर बोटाने ठोकत राहिले, आत कोणी आहे का बघावं तसं. "जल्मात एकदाच गाडी जोरात मारली, बाय. तिला सातवा होता, दुखायला लागला, मी घाबरलो. पोचलो लवकर. ती राहिली. पोर नाय राहिला. डॉक्टर बोलला, तुझ्या गाडीचा दोष नाय. पण डॉक्टर काय गाडीत नव्हता."

त्यानंतर ते आमच्याकडेच राहिले. गाडी कायम रस्त्याकडे तोंड करून उभी. रोज संध्याकाळी दही लावायचं, सकाळी आदल्या दिवसाचं आम्ही खायचं. मी एवढं दही आयुष्यात खाल्लं नव्हतं.

तारखेच्या तीन आठवडे आधी, थंडीतल्या एका सकाळी माझ्या पोटात कळ आली. नवरा प्रशिक्षणासाठी मोखाड्याला गेलेला. काकांनी सीटवर गोधडी अंथरली, मला बसवलं आणि मडकं माझ्या हातात दिलं. "ह्याच्याकडं बघत राहा. मोडला तं सांग, मी अजून हळू करीन."

बाहेर धुकं इतकं दाट होतं की झाडं जवळ आल्यावर दिसायची आणि लगेच पुसली जायची. आपण रस्त्यावरून नाही, दुधातून चाललोय असं वाटत होतं. मी मांडीवरच्या त्या पांढऱ्या गोलाकडे बघत होते, आणि कळ यायची, जायची. मोखाड्याला नवरा पुढच्या सीटवर चढला. आम्हाला एका दूधवाल्याची मोटारसायकल ओलांडून गेली. गवताने भरलेला ट्रॅक्टर ओलांडून गेला. एक सायकलवाला बराच वेळ आमच्या सोबत होता.

"काका, जोरात घ्या ना!"

"शाळेत ओरडा, मास्तर."

घाट लागला तेव्हा कळा जवळ जवळ येऊ लागल्या होत्या. डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे ठिणग्या उडत होत्या. डॉक्टरांनी हेच सांगून ठेवलं होतं, असं झालं तर एक मिनिट घालवू नका. मला स्वच्छ कळलं की या वेगाने आम्ही वेळेत पोचणार नाही. आणि त्याच क्षणी गाडी एका खड्ड्यातून, अगदी हळुवार, उतरली आणि मी बघितलं, दह्याच्या कडेने एक बारीक रेघ गेली. त्या रेघेत पाणी चमकलं.

मी ओढणी काढून मडक्यावर टाकली.

"काका, जोरात चालवा."

आरशात त्यांचे डोळे दिसले. इतके घाबरलेले डोळे मी कधी पाहिले नव्हते. "दही?"

"तसंच आहे."

"पक्का?"

"तुमच्या गाडीत दही मोडतं का कधी?" मी म्हणाले. "तुम्ही चालवा, मी धरलंय."

लग्नानंतर मी एका दमात बोललेलं ते बहुतेक सगळ्यात मोठं बोलणं असावं. नवरासुद्धा मागे वळून बघायला लागला. काकांनी एकदा खोल श्वास घेतला, गिअर बदलला, आणि ती आत्या गाडी निघाली. मी तशी गाडी चालवलेली पुन्हा पाहिली नाही. धुक्यात काही दिसत नव्हतं, पण त्यांना दिसावं लागतच नव्हतं. याच्या डावीकडून, त्याच्या उजवीकडून, एकेका खड्ड्याला जणू नावाने हाक मारून ते बाजूला व्हायला लावत होते. प्रत्येक वळणावर ते तोंडाने हॉर्न देत होते, हातानेही. माझ्या मांडीवर दह्याचं ताक होत होतं, पाणी ओढणीतून झिरपून गुडघ्यापर्यंत गार लागत होतं, आणि मी दर दोन मिनिटांनी सांगत होते, "तसंच आहे, काका. तसंच आहे."

पोचलो तेव्हा डॉक्टरीण म्हणाली, अजून अर्धा तास गेला असता तर कठीण होतं. मुलगी झाली. दोघी ठीक होतो.

पुढचं मला नवऱ्याने सांगितलं. काका खाली गाडीपाशी गेले, मागचं दार सरकवलं, मडक्यावरची ओली ओढणी उचलली. बराच वेळ आत बघत उभे राहिले. मग दाराच्या पायरीवर बसून त्यांनी ते सगळं, पाण्यासकट, पिऊन टाकलं. मडकं नळावर विसळलं. ओढणी पिळून गाडीच्या आरशावर वाळत घातली. वर आले तेव्हा बाळाकडे बघत मला म्हणाले, "दही खाल्ला. चांगला लागलेला." मी भिंतीकडे बघत "हो" म्हणाले. हा विषय आमच्यात परत कधी निघाला नाही.

मुलगी आता दीड वर्षाची आहे. काकांच्या दोन्ही डोळ्यांवर ढग आले आहेत आणि ऑपरेशनला ते तयार होत नाहीत. गाडीची किल्ली त्यांनी आपणहून माझ्या हातात दिली, मास्तरच्या नाही. "खड्डे आता दिसत नायत, नुसते आठवतात," म्हणाले. "आणि रस्ता नवा करतायत म्हणे. मी आपला जुन्या खड्ड्याला वाट द्यायला जाईन नि नव्यात पडेन." त्यांनीच मला शिकवलं, मडकं मागच्या सीटवर ठेवून. आता मडक्याच्या जागी ते स्वतः बसतात, नात मांडीवर घेऊन. वळण आलं की दोघं मिळून तोंडाने हॉर्न देतात. उजवा पाय अजून ब्रेक दाबतो, मला पाठीमागून त्याचा आवाज येतो.

मागच्या महिन्यात तिच्या लशीसाठी नाशिकला चाललो होतो. घाटात तिची झोप मोडू नये म्हणून मी गाडी अगदी रांगवत होते. मागून ट्रक हॉर्न देत होते आणि डॉक्टरांची वेळ निघून चालली होती.

"काका, उठली का हो ती?" मी विचारलं.

"नाय," ते म्हणाले. "गाढ झोपलीय. तू चालव."

मी आरशात बघितलं. त्यांनी आपलं उपरणं तिच्यावर टाकलं होतं, आणि त्याच्या कडेखालून दोन टक्क उघडे डोळे माझ्याकडे बघत होते.