हॉर्न दिला होता

मी कतारगामच्या हिऱ्याच्या कारखान्यात कामावर होतो, तिथं भाचीचा फोन आला. "मामा, बाबांना स्कूटरनं उडवलं..." दवाखान्याचं नाव सांगून तिनं फोन ठेवला. दवाखान्यात पोचलो तर दाजी बेशुद्ध, ताई उशाशी, आणि दाराशी अंगठ्याला पट्टी बांधलेला, कापडाच्या दुकानातला एक तरुण. "मैंने तो हॉर्न मारा था. एक नहीं, चार बार!" सगळं कर्तव्य पार पाडल्यासारखा चेहरा होता त्याचा. तिसऱ्या दिवशी दाजी गेले. आज महिना झाला.

दाजी शिरपूरकडचे. वीस-बावीस वर्षं उधन्याच्या लूमवर, कापडाच्या मागांवर काढली आणि त्या खडखडाटात दोन्ही कान गमावले. कामावर सायकलनं जायचे, नेहमी रस्त्याच्या कडेनं. 'मला ऐकू येत नाही' अशी पाटी सायकलला लावू या, असं भाचीनं एकदा खुणांनी सुचवलं, तर म्हणाले, "लावायची तर मागून येणाऱ्याच्या कपाळाला लाव." एकदा माझ्या लूनावर मागं बसले होते. समोर एक म्हातारी रस्ता ओलांडत होती. मी हॉर्न दाबला, ती दचकून बाजूला पडता पडता वाचली. दाजींना ऐकू कुठलं येणार, पण माझा अंगठा दिसला. पाठीत धपका घातला, "ब्रेक काय शोभेला दिलाय?" मला तेव्हा राग आला होता. मीही त्या हॉर्नवाल्याच्याच जातीचा.

त्या दिवशी चेन तुटली म्हणून ते सायकल हातात धरून चालले होते. फुटपाथ आहे तिथं, नाही असं नाही. त्यावर दुकानदारांच्या गाड्या सावलीला झोपतात. माणसानं खाली उतरून मरायचं. पंचनाम्याला चौघं आपणहून पुढं आले. हॉर्न चौघांनीही ऐकला होता. ब्रेकचं नाव एकानंही काढलं नाही. वर दवाखान्यात जबाब घ्यायला आलेला हवालदार म्हणतो, "बहेरा आदमी रोड पर आया ही क्यों?"

ताई उशाजवळून उठली. ती त्या तरुणासमोर जाऊन उभी राहिली. "त्यासना कान गयात. तुना डोया कोठे व्हतात?"

अहिराणी त्याला कळली नसेल, पण मान खाली गेली. मी हवालदाराला रस्त्यावर नेलं, टायर घासल्याची खूण दाखवा म्हटलं. नव्हतीच. तेवढं त्यानं कुरकुरत लिहून घेतलं. खटल्याचं काय व्हायचं ते होवो. स्कूटर दुरुस्त होऊन फिरते आहे. परवाच दिसली, आडवी, फुटपाथवर.

रविवारी ताईकडे गेलो होतो. ती ओट्याशी चहा करत होती, मी पाठमोरा पेपर वाचत होतो. तिनं गॅस बारीक केला, वळसा घालून माझ्यासमोर आली, खांद्यावर हात ठेवला, मी वर बघेपर्यंत थांबली आणि मग विचारलं, "साखर किती टाकू?"

मला चांगलं ऐकू येतं, हे तिला ठाऊक आहे... पण त्या घरात पाठीमागून कुणी कुणाला हाक मारत नाही.