चौकात अडलेली मदत

पूर ओसरल्यानंतरच्या मंगळवारी सकाळी गिरणाकाठच्या आमच्या गावात भिल्ल वस्तीवर अन्याय झाला. झोपड्या वाहून गेल्या होत्या त्या वस्तीतल्या. परदेशी मदत संस्थेचा ट्रक मात्र चौकात थांबला, आणि ताडपत्र्या, पाण्याचे फिल्टर पक्क्या घरांत गेले. वस्तीतली माणसं सवयीने रांगेच्या शेवटी उभी राहिली आणि हात हलवत परतली. समुद्र ओलांडून आलेली मदत चौकाच्या खाली उतरली नाही.

मी संतापून पत्रक लिहिलं. शेजारच्या सुमनअक्कांना दाखवलं. अक्का बौद्धवाड्यातल्या, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. शांतपणे वाचून म्हणाल्या, "चांगलं लिखं रे भाऊ. पन तुनं पत्रक पांघरीसन पोरे झोपतीन का?"

लग्नाच्या पंगतीत अक्का नेहमी शेवटच्या टोकाकडून वाढायला घेत. पुढचे लोक 'आम्हाला विसरलात का' म्हणून ओरडत. अक्का म्हणत, "पुढलासले कोनी इसरस नही."

दुसरा ट्रक यायचा होता त्या दिवशी अक्का गावाच्या फाट्यावर जाऊन थांबल्या. ट्रकसोबत आलेल्या संस्थेच्या बाईंना आधी वस्तीत नेलं. पोरं नदीचं गढूळ पाणी पीत होती, कितीतरी जणांना जुलाब लागले होते. बाईंनी वाद घातला नाही. वाटप इथूनच सुरू करू, म्हणाल्या.

ट्रक चौकात न थांबता निघाला तेव्हा सरपंच नाना आडवे आले, गाव सोडून कुठं निघालात म्हणून विचारू लागले. "अक्का, गाव सोडीसन कथा चालनी?"

ड्रायव्हरशेजारी बसलेल्या अक्का वस्तीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हाई बी गावच शे, नाना."

नाना बाजूला झाले. संध्याकाळपर्यंत वस्तीवर ताडपत्र्या ताणल्या गेल्या. फिल्टर कसा धुवायचा ते संस्थेच्या बाईंनी दाखवलं, अक्कांनी घरोघर फिरून पुन्हा दाखवलं. हळूहळू जुलाब थांबले. मी उपकाराची भाषा बोलत नाही. मदत हा संकटातल्या माणसाचा हक्कच आहे. पण ते सामान वेळेवर आलं नसतं तर त्यातली काही पोरं आज नसती, हेही खरं.

गेल्या हिवाळ्यात अक्का वारल्या. गावाची आपत्ती समिती नव्याने बसली आहे, तिच्यात सगळे चौकातलेच. वस्तीची काळजी आम्ही घेऊ, म्हणतात. असल्या काळजीवर पोरांना सोडायची माझी तयारी नाही.

तुमच्याही गावात अशी समिती असेल. पुराचं पाणी आधी ज्यांच्या घरात शिरतं, त्यांच्यातलं तिच्यात कोण आहे ते बघा. कोणी नसेल तर हळहळत बसू नका. पुढच्या ग्रामसभेत उभे राहा आणि त्यांच्यातल्यांना समितीत घ्यायला लावा.